शिक्का देऊ नका, काम द्या

एप्रिल संपत आला आणि परीक्षा आटोपल्या की आपल्या बहुतेक दुकानांत एक पाहुणा येतो. बहिणीचा मुलगा असतो, शेजाऱ्याची मुलगी असते, कधी स्वतःचा पुतण्याही असतो. शिक्षण बीबीए, बीएमएस, एम.कॉम. किंवा एमबीएचे चालू असते. हातात कॉलेजने दिलेला छापील नमुना असतो. ''मामू, तुमच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून शिक्का मारून द्या. सुट्टीत इथे काम केले एवढेच लिहायचे आहे.'' आपण गिऱ्हाइकात गुंतलेले असतो. पोरगा घरचा आणि मागणी साधी. आपण शिक्का मारून मोकळे होतो. पोरगा चहा पिऊन जातो तो पुढच्या ईदलाच भेटतो.

आम्हीही असे कागद दिलेले आहेत, हे आधीच कबूल करतो. त्यातील एक भाचा पुढे पदवी घेऊन नोकरीच्या मुलाखतीला गेला. समोरच्या साहेबांनी कागद पाहून एवढेच विचारले, ''तुमच्या मामांच्या दुकानात उधारी किती दिवसांत वसूल होते?'' भाच्याला उत्तर देता आले नाही. दुसरा प्रश्न विचारलाच गेला नाही. त्याने हे आम्हाला येऊन सांगितले तेव्हा त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण आम्हाला आमचाच शिक्का बोचला. एका खोट्या कागदावर आम्ही सही केली होती आणि त्याबरोबर एका मुलाचे दोन महिनेही वाया घालवले होते.

म्हणून उन्हाळी सुट्टीचा हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत. वरवर पाहता हा प्रश्न कॉलेजच्या मुलांचा आहे. आमच्या मते तो दुकानदाराचा आणि कारागिराचा प्रश्न आहे.

कॉलेज हे का मागते?

एमबीएच्या पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या मधल्या उन्हाळ्यात साधारण आठ आठवडे प्रत्यक्ष व्यवसायात काम करून अहवाल द्यायचा, ही प्रथा जुनी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ती एमबीएपुरती राहिलेली नाही. आपल्या राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाला चार श्रेयांक दिलेले आहेत. एका श्रेयांकाला तीस तास धरले तर हे एकशेवीस तासांचे काम होते. पदवीच्या अभ्यासक्रमांतही अशा कामाला जागा मिळाली आहे.

या व्यवस्थेत नवे असे काय आहे? आपल्या कारखान्यांत उस्ताद आणि शागीर्द ही रीत पिढ्यान्पिढ्या चालत आली. सुतार, शिंपी, लोहार, जरीकाम करणारे, वाद्ये बनविणारे असे सगळे पोराला आधी झाडू मारायला लावत, मग हत्यार ओळखायला शिकवत आणि मग माल हातात देत. कॉलेज आज जे मागत आहे ते आपल्याकडे आधीपासून होते. दुर्दैव असे की, ज्या समाजाकडे ही रीत होती त्याच समाजाची दुकाने आज तिचा खोटा दाखला वाटत आहेत.

सुट्टी जाते कुठे?

मुलांसमोर साधारणपणे चार वाटा असतात. पहिली वाट वर सांगितली तीच, म्हणजे शिक्का घ्यायचा आणि घरी बसायचे. दुसरी वाट पुण्या-मुंबईतील एखाद्या कार्यालयात जाण्याची. तिथे चांगले काम मिळाले तर सोने. परंतु पुष्कळ ठिकाणी मुलांच्या हातात विम्याचे किंवा क्रेडिट कार्डाचे अर्ज दिले जातात आणि ''तुमच्या ओळखीच्या पंचवीस जणांची यादी करा'' असे सांगितले जाते. मुलगा दोन महिने आपल्याच नातेवाइकांच्या मागे फिरतो. पगार नाही, जाण्यायेण्याचा खर्च बापाचा आणि शेवटी एक गुळगुळीत प्रमाणपत्र. तिसरी वाट क्लासची. टॅली, एक्सेल, इंग्रजी संभाषण असे जे दिसेल ते करायचे. हे वाईट नाही, पण संध्याकाळच्या दोन तासांत ते होते, त्यासाठी दिवसभर अडवून ठेवण्याची गरज नाही. चौथी वाट घरच्या धंद्याची, आणि तिच्याकडे मुले सर्वांत शेवटी पाहतात.

यात दोष केवळ मुलांचा नाही. बापच सांगतो, ''तू शिकतोस ना, मग दुकानात कशाला येतोस? आम्ही केले ते पुरे झाले.'' त्या बोलण्यात माया असते. पण त्याच मायेपोटी मुलगा व्यवसायाचे शास्त्र शिकतो आणि व्यवसाय मात्र बघत नाही. वर्गात तो कोका-कोला आणि टाटांची उदाहरणे लिहितो. घरात तीस वर्षे चाललेल्या दुकानाचा नफा किती, हे त्याला ठाऊक नसते.

पहिली सुट्टी घरच्या गल्ल्यावर

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. व्यवसायाची पदवी घेणाऱ्या मुलाने किंवा मुलीने पहिली उन्हाळी सुट्टी घरच्या धंद्यात घालवावी. नुसते गल्ल्यावर बसण्यासाठी नव्हे, तर लिहून दिलेले एक काम पूर्ण करण्यासाठी. आणि दुसरी सुट्टी परक्याच्या हाताखाली काढावी. घरचे आधी, बाहेरचे नंतर. हा क्रम आम्ही विचार करून सांगत आहोत.

मोसमच पाहा. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. कापड, शिलाई, चप्पल, बांगडी, भांडी, फर्निचर, मंडप, केटरिंग या सर्व धंद्यांत वर्षाची मोठी कमाई याच दिवसांत असते. कोकणात आंबा उतरतो. किनाऱ्यावर १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते, म्हणून मे महिन्यात नौकामालक आणि माल घेणारा व्यापारी यांचे हिशेब मिटवले जातात. शाळा उघडण्याच्या तोंडावर गणवेश, वह्या, दप्तरे आणि छत्र्या विकल्या जातात. धंदा जेव्हा जोरात असतो नेमकी तेव्हाच कॉलेजला सुट्टी असते. पुस्तकात मागणी, साठा आणि वसुली हे तीन वेगळे धडे असतात. मे महिन्याच्या दुकानात ते तिन्ही धडे एका दुपारी समोर येतात.

दुसरे कारण गंभीर आहे. बापाची तब्येत पदवीची वाट पाहत नाही. अझीम प्रेमजी यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण ते नेहमी श्रीमंतीसाठी सांगितले जाते. आम्ही ते वेगळ्या कारणासाठी सांगतो. जळगाव जिल्ह्यातील अमळनेरला १९४५ साली त्यांच्या वडिलांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. १९६६ साली वडील अचानक वारले तेव्हा मुलगा अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत होता. वय एकवीस. शिक्षण तिथेच थांबवून त्याला परतावे लागले आणि आल्याबरोबर कारभार अंगावर घ्यावा लागला. त्यांची पदवी पुढे कितीतरी वर्षांनी पूर्ण झाली. त्यांच्या पाठीशी एक उभी कंपनी तरी होती. आपल्या दुकानात असा प्रसंग आला तर काय होईल? कोणाकडून किती येणे आहे आणि कोणाला किती देणे आहे, हे बापाच्या डोक्यात असते. ते डोके इस्पितळात गेले की येणेकरी गप्प बसतात आणि देणेकरी दारात उभे राहतात. असे घर आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले असेल.

नेमके कोणते काम द्यावे?

''दुकानात बस आणि बघ'' हे काम नव्हे. पहिल्याच दिवशी कागदावर एक प्रश्न लिहून द्यावा आणि दोन महिन्यांनी त्याचे उत्तर मागावे. नमुन्यादाखल पाच कामे सांगतो. यातले एक नीट झाले तरी सुट्टी सार्थकी लागली म्हणायची.

पहिले काम उधारीचे. मुलाने खातेवही घेऊन प्रत्येक येण्यापुढे ते किती दिवसांचे आहे हे लिहावे. एक महिन्याच्या आतले, दोन महिन्यांचे, तीन महिन्यांचे आणि बुडीत अशा चार याद्या कराव्यात. याचा फायदा साध्या गणिताने कळेल. समजा दुकानाची उधार विक्री महिन्याला तीन लाखांची आहे आणि पैसे सरासरी तीन महिन्यांनी येतात. म्हणजे नऊ लाख रुपये कायम लोकांच्या खिशात आहेत. ही मुदत दोन महिन्यांवर आणली तर सहा लाख अडकतील आणि तीन लाख मोकळे होतील. तेवढ्या भांडवलासाठी बँकेचे दार ठोठवावे लागणार नाही, व्याजाचा प्रश्नच येणार नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांना व्याजापासून दूर राहायचे असते. त्यांच्यासाठी तर उधारीची वसुली हाच भांडवलाचा पहिला झरा आहे.

दुसरे काम साठ्याचे. कपाटात वर्षापेक्षा जास्त पडून असलेला माल किती, तो कितीला घेतला होता आणि आज कितीला जाईल? कापडवाल्याच्या आणि चप्पलवाल्याच्या दुकानात ही यादी केली की मालक स्वतःच चकित होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांना आणि पादत्राणांना पाच टक्क्यांचा दर लागू झाला. आपल्या जुन्या साठ्यावर आणि छापील किमतींवर त्याचा काय परिणाम झाला, हेही त्याच यादीत पाहता येईल.

तिसरे काम खऱ्या पडत्याचे. हे कारागिरांसाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. आपला सुतार लाकूड, फोम, कापड आणि खिळे धरतो. जागेचे भाडे, वीज, वाहतूक आणि स्वतःची मजुरी धरत नाही. मालेगाव-भिवंडीत मजुरीवर माग चालविणाऱ्याला पिकाच्या हिशेबाने पैसे मिळतात. परंतु वीज गेल्यामुळे किंवा सूत न आल्यामुळे माग किती तास बंद राहिला, हे तो लिहून ठेवत नाही. मुलाने दोन महिने रोज हे तास लिहावेत. एका मीटरमागे हातात काय उरते, हे मग कळेल. भाव ठरवताना जो व्यापाऱ्यासमोर कागद ठेवतो त्याचे बोलणे वेगळे होते.

चौथे काम जीएसटीचे. जानेवारी २०२२ पासून, माल देणाऱ्याने आपले विवरण भरले आणि ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरले, तरच त्या बिलावरच्या कराची वजावट मिळते. आपण कर भरून माल घेतला, पण समोरच्याने विवरण भरले नाही, तर फटका आपल्याला बसतो. खरेदीची बिले आणि ते पत्रक महिन्यागणिक जुळवून पाहणे हे व्यवसायाच्या विद्यार्थ्याला सहज जमणारे काम आहे. कोणता व्यापारी आपले नुकसान करीत आहे, हे त्यातून उघड होते.

पाचवे काम हक्कांचे. छोट्या कारखानदाराला मालाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत मिळाले पाहिजेत, असे २००६ चा सूक्ष्म व लघुउद्योगांचा कायदा सांगतो. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही याला जोड मिळाली. मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष चुकते करीपर्यंत वजा करता येत नाही. मात्र या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी हवी. हे संरक्षण माल बनविणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानाला नाही, हेही ध्यानात ठेवावे. आपल्या किती कारागिरांकडे ही नोंदणी आहे? मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्यासाठी ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ते चिन्ह आपल्या मालावर वापरायचे तर कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. भोपळा कसा वाळवायचा हे जाणणाऱ्या उस्तादाला हा अर्ज भरायला कोण मदत करणार? त्याच्याच घरातला बी.कॉम. झालेला नातू नाही तर कोण?

वडिलांची अडचण आम्ही जाणतो

या कामांत अडचण मुलाची कमी आणि बापाची जास्त आहे. वही उघडायची म्हणजे कमीपणा उघडा करायचा. कोणाला न विचारता दिलेली उधारी, मेव्हण्याकडे अडकलेली रक्कम आणि मागच्या वर्षी चुकलेला सौदा, हे सगळे मुलाला दिसणार. शिवाय दुकान भावाभावांच्या भागीदारीत असेल तर दुसऱ्याला संशय येतो की हा आपल्या पोराला आतापासून मालक करीत आहे.

यावर उपाय आहेत. भागीदारी असेल तर भावाला आधी सांगावे, काम दोघांनी मिळून ठरवावे आणि अहवालही दोघांसमोर वाचला जावा. मुलाला पहिल्या दिवशी बजावावे की, वहीतले जे आहे ते अमानत आहे. मित्रांत बोलायचे नाही आणि कॉलेजच्या अहवालात गिऱ्हाइकांची नावे घालायची नाहीत. आणि मुलाने एक गोष्ट पाळावी. पहिला महिना सल्ला देऊ नये. वीस वर्षे चाललेली रीत वर्गातल्या दोन धड्यांवरून चूक ठरवू नये. आधी विचारावे, ''अब्बा, हे असे का करतात?'' पुष्कळदा त्यामागे कारण असते. ज्या गिऱ्हाइकाला बाप मुदतीबाहेर उधार देतो, त्यानेच कधी अडीअडचणीत मदत केलेली असते. ते कोणत्याही वहीत लिहिलेले नसते.

मुलाला मेहनतानाही द्यावा. थोडा का असेना, पण ठरलेला आणि ठरल्या तारखेला. घरचे म्हणून फुकट राबवले की काम फुकटच्या मोलाचे होते.

मुलींच्या बाबतीत तर आपण विचारच करीत नाही. आज आपल्या अनेक मुली बीएमएस आणि एम.कॉम. करीत आहेत, अभ्यासात मुलांच्या पुढे आहेत. गल्ल्यावर बसविणे कोणाला अवघड वाटत असेल तर खातेवही घरी नेता येते, जीएसटीचे पत्रक घरी पाहता येते. घरोघरी शिलाई आणि भरतकाम करणाऱ्या आपल्या बायकांना एका नगामागे काय पडते, हा हिशेब कोणी मांडलेलाच नाही. तो एखादी शिकलेली मुलगी त्यांच्यात बसून जितका खरा काढील तितका दुसरे कोणी काढणार नाही.

दुसरी सुट्टी परक्याच्या हाताखाली

घरच्या धंद्यातच सर्व शिकता येते असे आम्ही म्हणत नाही. घरी मुलगा छोटा मालक असतो. नोकर त्याला उलट बोलत नाहीत आणि चूक झाली तर बाप झाकतो. म्हणून दुसऱ्या सुट्टीत त्याने बाहेर जावे. चार्टर्ड अकाउंटंटचे कार्यालय, मंगळदास मार्केट किंवा मस्जिद बंदरची घाऊक पेढी, न्हावा-शेवा बंदरातून माल पाठविणारी कचेरी किंवा मोठ्या दुकानांची साखळी, अशी किती तरी ठिकाणे आहेत. निवडताना घरच्या धंद्याला पुढे काय लागणार, हे पाहावे.

जाण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. काम नेमके कोणते? कोणाच्या हाताखाली? मेहनताना किती, आणि तो लेखी मिळेल का? ओळखीच्या लोकांना काही विकण्याचे लक्ष्य आहे का? आणि कोणी काम देण्यासाठी अनामत किंवा प्रशिक्षणाची फी मागितली, तर तिथून उठून यावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेबद्दलही अनेक पालक विचारतात. सुरू झाली तेव्हा ती बारा महिन्यांसाठी आणि पूर्णवेळ शिक्षण घेत नसलेल्या तरुणांसाठी आखलेली होती. कॉलेजच्या सुट्टीशी तिची गल्लत करू नये.

ज्याला धंदा नव्हे, नोकरीच करायची आहे त्याचे काय? त्याने एमबीएची ती एकच उन्हाळी सुट्टी चांगल्या कंपनीत घालवावी, हे आम्हाला मान्य आहे. पुष्कळ कंपन्या उन्हाळ्यात काम पाहून नंतर नोकरी देतात. पण त्यानेही पदवीच्या काळातली एक सुट्टी दुकानात काढलेली असेल तर मुलाखतीत त्याच्याकडे सांगण्यासारखे काही तरी खरे असेल. आमच्या भाच्याकडे ते नव्हते.

घरचा धंदा शिक्षणात सामावून घेता येतो, हे मोठ्या संस्थांनीही ओळखलेले आहे. मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेने १९९७ मध्ये घरच्या व्यवसायातील मुलांसाठी अभ्यासक्रम काढला. त्यात महिन्यातला साधारण आठवडाभर वर्ग आणि उरलेले दिवस आपापल्या धंद्यावर काम, अशी रचना ठेवली. त्याची फी आपल्यापैकी सर्वांना परवडणारी नाही. पण त्यातले सूत्र फुकट घेता येते.

ज्यांचे दुकान नाही

शेवटी त्या मुलांबद्दल, ज्यांचे वडील रिक्षा चालवतात, हमाली करतात किंवा दुसऱ्याच्या मागावर राबतात. त्यांना घरचा गल्ला नाही. शिक्का मागायला तीच मुले येतात, कारण त्यांना कोणी काम देत नाही. इथे आमची विनंती थेट दुकानदार बंधूंना आहे. या उन्हाळ्यात अशा एका मुलाला किंवा मुलीला ठेवून घ्या. वरच्या पाचांपैकी एक काम लिहून द्या. जाण्यायेण्याचा खर्च आणि ठरलेला मेहनताना द्या. हजेरी ठेवा. काम झाले तरच दाखला द्या, आणि त्यात काय काम केले ते चार ओळींत खरे लिहा. हे उपकार म्हणून करू नका. अडकलेली उधारी वसूल झाली तर त्याचा मेहनताना त्यातूनच निघून येईल.

यंदा परीक्षा संपल्यावर तो छापील नमुना घेऊन कोणी आपल्या दुकानात येईल तेव्हा शिक्क्याचा डबा बाजूला ठेवा. खुर्ची पुढे ओढा, खातेवही उघडा आणि सांगा, ''बस बेटा, इथून सुरुवात कर.''